सोलच्या खालचं गाव

"सोल? ते नोकरीचं झालं साहेब. गाव कुठलं?" कादिरने विचारलं आणि मागे भांडी घासणाऱ्या बाळारामने कपाळाला हात लावला.

सौदीतल्या कतीफजवळच्या या कोरियन कंपनीच्या कॅम्पात नवे मॅनेजर हान साहेब आले ते मेस बंद करायचं ठरवूनच. पुढल्या महिन्यापासून जेवण बाहेरून येणार आणि कादिर आचारी फायनल एक्झिट घेऊन, म्हणजे कायमचा, घरी जाणार. अशा माणसासमोर तोंडाला कुलूप लावावं की नाही? पण कोकणी माणूस तो! समोरच्याचं गाव कळल्याशिवाय त्याला चैन पडत नाही, आणि शहराचं नाव सांगून त्याला कुणी गुंडाळू शकत नाही.

आधीचे मॅनेजर पाक साहेब यांनी त्याला कोरियाची सगळी उतरंड समजावली होती. सगळ्यात वर 'दो', म्हणजे प्रांत. त्यात 'गुन', आपला तालुका म्हणा. गुनच्या पोटात 'म्योन', आणि अगदी तळाशी 'री', म्हणजे गाव. कादिर एकेक पायरी उतरत विचारत गेला. सुटका व्हावी म्हणून हान साहेबांनी तुटकपणे सांगितलं, दक्षिण जोल्ला. मग गुन? गोहंग.

"म्हणजे आमच्या पाक साहेबांचाच तालुका की!" कादिर हरखला.

म्योन सांगेपर्यंत साहेब खुर्चीत टेकले होते. री सांगताना त्यांचा आवाजच बदलला. समुद्रकाठची मूठभर घरं, म्हणाले, आई अजून तिथेच असते.

कादिर शेगडीकडे वळला. पाक साहेबांनी शिकवलेलं, त्यांच्या गोहंगकडचं, समुद्री शेवाळ घातलेलं मासळीचं सूप तिथे होतंच. त्याने वाडगा भरून पुढे ठेवला. साहेबांनी मान खाली घालून तो चाटूनपुसून रिकामा केला आणि मेस राहू दे, एवढंच म्हणाले. बाळारामला इतका आनंद झाला की घासलेलं पातेलं त्याने पुन्हा घासायला घेतलं.

"तुझं री कुठलं?" साहेबांनी विचारलं.

 इतकी वर्षं इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, कादिर नुसता 'हिंदी', म्हणजे भारतीय होता. त्याला कामावर आणणाऱ्या कफीलनेही त्याच्या खालचं कधी विचारलं नव्हतं. त्याने गॅस बारीक केला, हात पुसले आणि कोरियन रीतीने वरून खाली सांगू लागला. महाराष्ट्र, रत्नागिरी, दापोली, हर्णै. मग आपला मोहल्ला.

साहेब थांबले होते. "आणि त्यात घर कुठलं?"

"मशिदीमागचं," कादिर म्हणाला. "दारात फणस आहे."