प्रॉम्प्टरची जागा

माझी नात चैताली विद्यापीठात कलाव्यवस्थापन शिकते. नाटकाचे, गाण्याचे कार्यक्रम कसे उभे करायचे, याचीही आता पदवी मिळते. आमच्या वेळी हे सगळं एकटीने केलं तरी लोक त्याला 'जरा बघ ना गं' म्हणायचे.

शेवटच्या सत्रात तिला एक कार्यक्रम स्वतः करून दाखवायचा होता. तिने ज्येष्ठ नट दीपकरावांचा सत्कार ठरवला, आणि सत्कारानंतर त्यांच्याच जुन्या नाटकातलं एक स्वगत. दीपकरावांची नाशकात मोठी सांस्कृतिक संस्था आहे. तिथे नोकरी मिळावी ही तिची इच्छा. तिने हे सांगितलं तेव्हा मी मेथी निवडत होते. निवडतच राहिले.

१९७९ पर्यंत सात वर्षं मी दीपकरावांच्या नाटकांची प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसायचं आणि नट अडला की पुढचे शब्द हळूच पुरवायचे. दीपकराव पाठांतर करत नसत. मी वाक्य सोडायचे, ते झेलायचे. अर्थ त्यांच्या डोक्यात शिरायच्या आधी त्यांचा आवाज शेवटच्या रांगेत पोचलेला असायचा.

त्या वर्षीच्या नाट्यस्पर्धेच्या अंतिम प्रयोगात त्यांनी अख्खं पान गाळलं. नाटकातला न्यायाधीश निरपराध माणसाला शिक्षा देतो आणि शेवटी कबुली देतो. पुरावा सापडतो तेच पान गेलं. मी शब्द देत होते, ते पुढे पळत होते. न्यायाधीश कसली कबुली देतोय, हे कुणालाच कळेना. पडदा पडल्यावर परीक्षकांसमोर त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"बाईंना डुलकी लागली. पगाऱ्यांच्या रोहिणीला आणलं, हीच माझी चूक."

सगळे हसले. मी पंचवीस वर्षांची होते. त्यानंतर नाशकातल्या एकाही नाट्यसंस्थेने मला बोलावलं नाही. पुढे कितीतरी वर्षं भाजीबाजारात कुणीतरी विचारायचंच, "काय रोहिणीबाई, झोप झाली का?"

हे मी चैतालीला कधी सांगितलं नव्हतं. तिच्या आराखड्यात 'जोखीम' असा एक रकाना होता. त्यात तिने लिहिलं होतं, 'कलाकार संवाद विसरणे'. समोर लिहायला तिला उपाय सुचत नव्हता.

"मी बसते विंगेत," मी म्हणाले.

"तू? तुला येतं, आजी?"

"येत होतं."

तालमीला दीपकराव काठी टेकत आले. "अरे, रोहिणीबाई! आता झोपू नका हं!" म्हणाले आणि खदखदून हसले. काही ठाऊक नसल्याने चैतालीही हसली. तोवर माझ्या मनात नक्की काय होतं, ते मला सांगता येणार नाही. त्या हसण्यानंतर मात्र ठरलं.

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. पुढच्या दोन रांगांत आमच्या वेळचे लोक होते. सत्कार झाला, त्याच न्यायाधीशाच्या कबुलीचं स्वगत सुरू झालं.

"मी खोटं बोललो," दीपकराव म्हणाले. इथवर नाटकातलंच होतं. मग ते अडले. मान किंचित विंगेकडे वळली.

"एक पान मी गाळलं," मी म्हणाले.

"एक पान मी गाळलं!"

"आणि दोष दिला विंगेतल्या बाईला."

"आणि दोष दिला... विंगेतल्या बाईला!" हातही छातीवर गेला, अगदी हवा तसा.

"रोहिणी पगारे जागी होती."

"रोहिणी पगारे जागी..."

तिथे त्यांना अर्थ लागला. ते माझ्याकडे बघत राहिले. मी तेच वाक्य पुन्हा दिलं. रंगमंचावरची शांतता त्यांना कधीच सोसली नाही.

"जागी होती," ते म्हणाले.

पुढच्या रांगांत कुजबुज झाली. मग मी नाटकातलं खरं वाक्य दिलं, आणि त्यांना शेवटपर्यंत नीट नेलं. प्रयोग पडू देणं मला जमत नाही.

रंगपटात त्यांनी चैतालीला बोलावलं. "तेवढा तुकडा रेकॉर्डिंगमधून काढा. मग नोकरीचं बोलू."

"सर, खरं आहे का ते?"

"जुनी गोष्ट आहे, पोरी."

"मग राहू दे. जुन्या गोष्टी जपायलाच शिकतेय मी."

दीपकराव माझ्याकडे वळले. "शेहेचाळीस वर्षं लक्षात ठेवलंत?"

"आपल्या दोघांत पाठांतर माझंच चांगलं होतं."

परतताना द्वारका चौकाच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा चैताली माझ्याकडे वळली.

"मला आधी सांगायचंस तरी, आजी. माझी नोकरी गेली."

"सांगितलं असतं तर करू दिलं असतंस?"

"नाही."

"म्हणून."

तिने तोंड फिरवलं. मला तिचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण पुन्हा संधी मिळाली तर पुन्हा हेच करेन. फक्त तेव्हा त्यांना अर्थ लागायच्या आत, नावापासूनच सुरुवात करेन.