घंटेवाला आणि माझ्या पोटातला तांदूळ

मित्रांनो, मी एक कंट्रोलर आहे. गेम खेळायचा. जुना म्हणालात तरी चालेल, मला राग नाही. डाव्या स्टिकवरचं रबर झिजून गुळगुळीत झालंय, पाठीवर चहाचा डाग आहे आणि पोटात तांदळाचा एक दाणा आहे.

दाण्याचं सांगतो. त्याच्यासाठीच तर बोलायला बसलोय.

माझा जन्म चीनमधला. पट्ट्यावरून सरकत होतो, कुणीतरी सगळी बटणं एकदा दाबून बघितली, खोक्यात घातलं. लहानपण संपलं. त्यानंतर उजेड बघितला तो थेट नाशिकला, इंदिरानगरात, दुसऱ्या मजल्यावर. तनयच्या हातात.

सुरुवातीचे दिवस मजेचे. फुटबॉल खेळायचो, गाड्या पळवायचो. गाडी भिंतीवर आपटली तरी गेम म्हणायची, वा, छान! तनय मला चष्म्याच्या फडक्याने पुसायचा. तेव्हा माझे फार लाड होते.

मग ती गेम आली.

नाव सांगत नाही, उगाच भांडणं होतात. पण इतकी अवघड गेम मी पाहिली नव्हती. साधा उंदीर यायचा आणि तनय मरायचा. पुलावरून चालताना वारा यायचा, तनय मरायचा. पेटी उघडली तर पेटीच त्याला खायची. पहिल्या आठवड्यात मी दोनदा सोफ्यावर आपटलो आणि एकदा चहात पडलो. मला वाटलं, आता हा ही गेम सोडणार. तनयला सोडायची सवयच होती. जिम अर्धी सोडली, कोडिंगचा कोर्स अर्धा सोडला, बासरी तर सूर लागायच्या आधीच सोडली.

ही सोडेना! मरायचा, दात खायचा आणि परत सुरू करायचा. उंदीर मेला तेव्हा असा ओरडला की खालच्या जोशीकाकू वर आल्या, पास झालास का म्हणून.

असं करत करत आम्ही शेवटच्या राक्षसापर्यंत पोचलो. त्याला सगळे बॉस म्हणतात. आमच्या घरात त्याचं नाव घंटेवाला. ते तनयच्या आईने, शैलाताईंनी ठेवलं. डोंगराएवढा माणूस, हातात साखळी, साखळीला देवळाएवढी घंटा. ती गरगर फिरवून मारतो. टण, टण, टण. माझं गोल बटण दाबलं की तनय कोलांटी मारून वाचतो. म्हणजे वाचायला पाहिजे. तनय वाचत नव्हता. गणपती येऊन गेले, पावसाळा संपला, घंटेवाला जागचा हलला नाही.

तनयचे बाबा शामसुंदर गुरुजी. पंचवटीत यात्रेकरूंची पूजा सांगतात, संध्याकाळी घरी मुलांना संथा देतात. संथा म्हणजे गुरुजी एक ओळ म्हणणार, मुलं ती तशीच म्हणणार. पुस्तक नाही. सगळं कानावर. एक स्वर चुकला की पहिल्यापासून. तनयलाही लहानपणी संथेला बसवलं होतं. तीसुद्धा त्याने अर्धी सोडलेली. घरात तो विषय कुणी काढत नाही.

एके दिवशी गुरुजी हॉलमध्ये येऊन उभे राहिले.

"अजून तोच?"

"तोच."

"माझ्यापुढे दोनदा 'पहिल्यापासून' म्हटलं की रडायचास. हा राक्षस दिवसभर पहिल्यापासून लावतोय आणि तू हसत परत बसतोस!"

तनयने पडद्यावरची नजर काढली नाही. सहज बोलून गेला, "तो रागवत नाही ना बाबा. फक्त मारतो."

गुरुजींनी उपरणं झटकलं आणि आत गेले. मला वाटलं विषय संपला.

कुठला संपतोय! दोन दिवसांनी निफाडहून रविराज आला. त्याचे आजोबा धोंडीराम पाटील म्हणजे गुरुजींचे जुने यजमान. रविराजने मला आणि टीव्हीखालच्या गेमच्या मशीनला बघितलं आणि त्याचे डोळेच चमकले.

"गुरुजी, हे मशीन लय भारी हे. इकायचं का?"

"विकायचं नाही. असंच घेऊन जा," गुरुजी म्हणाले.

"बाबा!" तनय ताडकन उठला.

"दसऱ्याला सोनं द्यायला येशील ना रविराज, तेव्हा ने. तोपर्यंत याचा तो घंटेवाला पडला तर मशीन इथंच राहील. नाही पडला तर तुझं." मग तनयकडे वळून, आवाज जरा खाली घेऊन म्हणाले, "एक गोष्ट तरी शेवटाला ने रे. राक्षस तर राक्षस."

मित्रांनो, गुरुजींचा शब्द म्हणजे यजमानापुढे दिलेला शब्द. तो परत घेता येत नाही. निफाड वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण मला तनयच्या हाताची सवय होती. त्याचा अंगठा कधी घाबरतो ते मला त्याच्या आधी कळायचं. घाबरला की तो गोल बटण दाबतच सुटायचा, बदाबदा, दार वाजवल्यासारखा. आणि त्या बदाबदीतच मरायचा. हे मी त्याला कसं सांगणार? मी थरथरतो फक्त.

दसरा जवळ आला. आता खरी गंमत ऐका.

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा असते. तनय अंघोळीला गेला होता. पाटावर लाल कापड, त्यावर गुरुजींनी पोथ्या मांडल्या, विळी मांडली, पक्कड, कात्री, स्कूटरची किल्ली. मग इकडेतिकडे बघितलं आणि मला उचललं. विळीच्या शेजारी बसवलं.

माझ्या आयुष्यात मला एवढा मान कुणी दिला नव्हता. समोर निरांजन, डोक्यावर झेंडू. गुरुजींनी पळीत पाणी घेतलं.

"अहो, करंटची वस्तू आहे ती!" शैलाताई ओरडल्या.

"बरं, फुलाने शिंपडतो."

फुलाने शिंपडलं. हळद लावली, कुंकू लावलं. आणि मग कुंकवाच्या ओल्या अक्षता वाहिल्या, चांगल्या मूठभर. त्यातला एक दाणा घरंगळत आला आणि माझ्या गोल बटणाच्या फटीतून आत गेला. मी काय करणार? देव झालो होतो. देवाला हलता येत नाही.

तनय टॉवेल डोक्यावर घेऊन बाहेर आला आणि किंचाळला.

"बाबा! हे काय केलंत?"

"पूजा. वर्षभर तू हेच हातात धरलंयस. तुझं हत्यार हेच."

"बरं, झाली ना पूजा? द्या."

"पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याला उत्तरपूजा झाल्याशिवाय उचलत नाहीत."

"उद्या रविराज येतोय! मी खेळू कधी?"

"नियम म्हणजे नियम. मीसुद्धा आज पंचवटीला रिक्षाने जाणार आहे."

"आणि विळीपण बसलीये," आतून शैलाताई म्हणाल्या. "आज नुसती खिचडी. भाजी मागू नका."

तनय माझ्यासमोर मांडी घालून बसला. मध्ये निरांजन, पलीकडे मी. एकदा हात पुढे आला, गुरुजी खाकरले, हात मागे गेला. शेवटी त्याने मोबाईल काढला आणि आदल्या दिवशीच्या मारामारीचा व्हिडिओ लावला. टण, टण, टण. मेला. परत लावला. टण, टण, टण. मेला.

गुरुजी रिक्षाने गेले आणि दुपारी रिक्षाने आले. व्हिडिओ चालूच.

"हा आवाज माझ्या जपात शिरलाय," ते म्हणाले. "रोज आतून ऐकतो. एक विचारू? तू चौथ्या टोल्याची वाट का बघत नाहीस?"

"चौथा?"

"तीन एका लयीत मारतो. मग थांबतो. चौथा उशिरा येतो. तू तिसऱ्यानंतर लगेच गडबडा लोळतोस, आणि उठतोस तेव्हा चौथा तुझ्या डोक्यात."

तनय माझ्याकडे बघायला लागला. मी तर इतके दिवस हेच थरथरून सांगत होतो!

"ऐकवा बरं परत."

गुरुजींनी ताटली घेतली आणि पळीने वाजवली. टण, टण, टण. एक श्वास. टण. चौथ्या टोल्याला तनयने मांडीवर थाप मारून उत्तर द्यायचं. पहिली थाप आधीच पडली.

"चुकलं!" गुरुजींचा आवाज चढला. शैलाताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. गुरुजींनी त्यांच्याकडे बघितलं, मग ताटलीकडे. आणि एकदम मऊ आवाजात म्हणाले, "असू दे. परत."

परत. परत. खिचडी गार झाली. त्या घरात एवढ्या वर्षांनी बापलेकाची संथा चालू होती आणि कुणीच रडत नव्हतं.

दसरा उजाडला. उत्तरपूजा झाली आणि तनयने मला झडप घालून उचललं. तोच बेल वाजली. रविराज आपट्याची पानं घेऊन दारात.

"सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हा गुरुजी! पडला का घंटेवाला?"

"जेवून घे आधी," शैलाताईंनी त्याला श्रीखंडाची वाटी देऊन बसवलं. "तुझं श्रीखंड संपेपर्यंत त्याला वेळ आहे." आणि वाटी मोठी घेतली होती. मी बघितलं.

तनयने गेम लावली. घंटेवाला आला. तनयने गोल बटण दाबलं.

ते खाली गेलं आणि वर आलंच नाही.

"बाबा! यात काहीतरी अडकलंय!"

गुरुजींनी मला कानाशी धरून हलवलं. टिक. त्यांचा चेहरा पडला. "अक्षता असेल रे. ओली होती. आत फुगली आणि आता बटणाखाली अडकतेय."

"लय वाईट झालं," रविराज म्हणाला आणि श्रीखंड जरा जोरात खायला लागला.

आता माझी अवस्था ऐका. बटण एकदा दाबलं की खाली बसायचं. सावकाश, म्हाताऱ्या माणसासारखं वर यायचं. बदाबदा दाबायची सोयच नाही. एका वेळी एक कोलांटी. ती चुकली तर मेलास.

तनय मेला. परत बसला. परत मेला. रविराजची वाटी निम्मी झाली होती.

"डोळ्याने नको," गुरुजी मागून म्हणाले. "कानाने."

टण, टण, टण. तनयचा अंगठा बटणावर आला. मला कळलं, तो घाबरलाय. दाबणार, आत्ता दाबणार.

नाही दाबलं.

एक श्वास.

मग दाबलं. एकदाच. घंटा डोक्यावरून गेली आणि घंटेवाला आपल्याच साखळीत वाकला. तनयने तलवार मारली. मी सावकाश बटण वर आणत होतो, जीव खाऊन. ये रे बाबा, ये वर. आलं. परत तीन टोले, परत श्वास, परत एकदा. परत. परत. रविराजचा चमचा हवेत थांबला होता. श्रीखंड टपकलं शर्टवर.

आणि मग चौथा टोला आलाच नाही.

गुरुजी डोळे मिटून बसले होते. ते म्हणाले, "का रे? थांबला का?"

"पडला बाबा."

पडद्यावर नावं वर जायला लागली. तनय रडत होता की हसत होता ते मला कळलं नाही, माझ्यावर पाणी पडलं एवढं खरं. शैलाताईंनी त्याच्या तोंडात श्रीखंड कोंबलं.

"गेली ना शेवटाला एकदाची?" गुरुजींनी विचारलं.

"गेली. म्हणजे... आता परत पहिल्यापासून सुरू होते. तेच राक्षस, पण जास्त अवघड."

गुरुजी हसायला लागले. "आमच्यात तेच! संहिता पाठ झाली की पद, मग क्रम, मग जटा, मग घन. मंत्र तेच, म्हणायची रीत वेगळी. दर वेळी जास्त अवघड."

"मग तुम्ही का करत बसलात एवढी वर्षं?"

गुरुजी सावरून बसले. मला वाटलं आता धर्म, परंपरा वगैरे येणार.

"मजा येते," ते म्हणाले.

रविराज रिकाम्या हाताने कसा जाणार? म्हणाला, एकदा खेळून तरी बघतो. उंदराने त्याला मारलं. "आं? उंदीर? थांब, परत!" परत मारलं. त्याची निफाडची शेवटची बस गेली तरी तो "परत, परत" म्हणत बसला होता, आणि माझ्या अंगभर श्रीखंडातली वेलची.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आम्हाला सोफ्यावर आपटू नका, तुम्ही मेलात तो आमचा दोष नसतो. श्रीखंडाचे हात धुऊन या. खंडेनवमीला आमची पूजा जरूर करा, फार बरं वाटतं, पण अक्षता सुक्या ठेवा आणि चार दाणे पुरेत.

माझा दाणा शैलाताई पिनेने काढणार होत्या. तनयने काढू दिला नाही. बटण सैल झालंय आता, दाणा आतच फिरतो. खेळायला बसायच्या आधी तनय मला कानाशी धरून एकदा हलवतो. टिक, असा आवाज येतो. आतल्या खोलीत गुरुजींची संथा चालू असते, कुणाचा तरी स्वर चुकतो, आणि गुरुजी म्हणतात, "असू दे. परत."

आम्ही दोघं ते ऐकतो. मग सुरू करतो. पहिल्यापासून.