स्टोअररूममधली बिस्किटं

ऑफिसातल्या बायकांनी वजन कमी करावं, ही कल्पना ताईंची. ताई म्हणजे कर्मचारी विभागाच्या प्रमुख, लोकांना प्रेरणा देण्याचा पगार घेणाऱ्या. वजनकाटा आला, भिंतीवर तक्ता लागला, दर सोमवारी टाळ्या सुरू झाल्या. ताई स्वतः स्पर्धेत नव्हत्या. पंचाने खेळायचं नसतं, असं त्यांनी जाहीर केलं आणि स्टोअररूमची किल्ली पर्समध्ये टाकली.

तिथे शाईच्या खोक्यांमागे त्यांचा क्रीमच्या बिस्किटांचा साठा होता. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांदेखत काकडी चघळायची आणि मग ‘जरा स्टॉक बघून येते’ म्हणत आत शिरायचं. पुडा संपेपर्यंत बरं वाटायचं. संपला की लाज वाटायची, आणि लाज घालवायला दुसरा फोडावा लागायचा.

पलीकडे बायकांचं बाथरूम. तिथून ओकारीचा आवाज आला तेव्हा कुणाचं तरी पोट बिघडलं असेल, अशी ताईंनी स्वतःची समजूत घातली. पण तो रोजच येऊ लागला. नळ मोठा सोडलेला असायचा, तरी यायचाच. एकदा त्यांनी स्टोअररूमचं दार किलकिलं करून पाहिलं. ओठ पुसत बाहेर पडली ती रिसेप्शनवरची पोरगी.

इतकी वर्षं तिला सगळे ‘ए रिसेप्शन’ म्हणत. आता ती तक्त्यावर पहिली होती.

“काय गं हिरॉईन, आम्हालाही सांग की गुपित!” साहेब थांबून विचारत.

“नाहीतर आम्ही,” अकाउंट्सच्या मावशी म्हणत, “पाणी प्यायलं तरी अंगाला लागतं मेलं!”

पोरगी फुलून यायची. आणि ताई गप्प. बोलायचं तर ‘तुम्हाला कसं कळलं?’ याचं उत्तर द्यावं लागलं असतं.

बक्षिसाच्या दिवशी सगळे जमले. भाषणाआधी दोनच, म्हणून ताई स्टोअररूममध्ये गेल्या. पलीकडे नळ सुरू झाला. मग धप्प. नळ वाहतच राहिला.

ताई हातातल्या पुड्यासकट धावल्या. पोरगी भिंतीला टेकून खाली बसली होती, पांढरीफटक.

“काही नाही ताई, पाय घसरला.”

“खोटं नको बोलूस. मी रोज ऐकते. शेजारीच असते मी.” ताईंनी हातातला पुडा पुढे केला. “खात असते.”

पोरीने पुड्याकडे पाहिलं. “माहितीये. कागद वाजतो ना.”

“मग?”

“मला वाटलं, तुम्हाला चालतंय. सोमवारी सगळ्यात जोरात टाळ्या तुमच्याच असायच्या.”

ताई ओल्या फरशीवर बसल्या.

“ताई, अहो, केव्हाचे थांबलोय!” बाहेरून मावशींची हाक आली. “हिरॉईन कुठाय?”

“आत या मावशी. आधी डॉक्टरांना फोन लावा. आणि तो तक्ता काढून टाका.”

“तक्ता नका ना काढू,” पोरीने त्यांचा हात घट्ट धरला. “परत सगळे मला रिसेप्शन म्हणतील.”

“नाही म्हणणार,” ताई ठासून म्हणाल्या, आणि तिला नावाने हाक मारायला तोंड उघडलं.

नाव काही केल्या आठवेना.