वाणात गेलेले नेचे

संक्रांतीच्या हळदीकुंकवात आईनं माझे नेचे, कुंड्यांतले फर्न, वाण म्हणून वाटून टाकले. मी कवर्ध्याहून परतले तेव्हा अंगणात दोनच कुंड्या उरल्या होत्या.

"बाकीचे कुठं गेले, आई?"

"अगं, किती छान दिसून राहिले होते. प्लास्टिकच्या डब्यांपेक्षा बरं वाण नाही का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. हिमयुगात आपल्याकडे बर्फ आला नव्हता, पण पाऊस आटला, जंगलं वाळली. ओलाव्यावर जगणारी झाडं तगली ती खोल, सावलीच्या दऱ्यांत. हे नेचे तशाच एका दरीतले. तिथं त्यांनी हजारो वर्षं काढली आणि गेल्या उन्हाळ्यात झराच आटला. वाचलेली रोपं मी बूढापाऱ्यातल्या आमच्या घरी आणून जगवत होते, अन् आईनं ती पार सदर बाजारापर्यंत पोचवली. बरेच दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही.

उरलेल्या दोघांना हिरवी जाळी, ओलं गोणपाट, कूलर, सगळं केलं. मे महिन्यात वीज गेली आणि दोन्ही करपले. मग वाण नेलेल्या बायकांकडे नाक मुठीत धरून घरोघर निघाले. कुणाकडे गॅलरीत वाळलेला, कुणी फेकलेला. राधाकाकूंनी तर तुळशीशेजारी भर उन्हात मोठ्या मानानं ठेवला होता.

शेवटी लतामावशी. त्या कुंडी न्हाणीमागे ठेवून विसरूनच गेल्या होत्या. तिथं नळ गळत होता, भिंतीवर शेवाळ होतं आणि नेच्याला नवी गुंडाळलेली पानं फुटली होती. मला रडूच आलं.

"मावशी, हा मी घेऊन जाऊ?"

"वाण कोणी वापस नेते का, ऋता? आन् आता तिथं ओल नाही राहणार. उद्या नळवाला येऊन राहिला."

घरी नेला असता तर तोही वाळलाच असता. त्या जुन्या झाडांनी तरी कुठं जागा निवडली होती? जिथं ओल टिकली तिथली उरली.

"मावशी, नळवाल्याला नका बोलावू."

"काहून?"

मी सगळं सांगितलं. "हव," त्या म्हणाल्या, "मंग गळू दे."

घरी आई भाजी निवडत होती. तिला सांगितलं.

"म्हणजे मी वाटले म्हणून एक तरी वाचला ना?"

"हो" म्हणताना जीभ जड झाली, पण म्हटलं.