हाताने लिहिलेला रस्ता

“पण काका, दोन रस्ते होते नं? मंग राउटरनं दुसरा काहून नाही धरला?”

रागिणीने विचारलं आणि मोईजचा चहाचा कप हातातच राहिला. पोरगी अमरावतीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, सोमवारी नेटवर्कचा पेपर. तिच्या बापाने, देवमनने, मोठ्या कौतुकाने फोन केला होता, ‘मोईजभाई, एक डाव बार्शीटाकळीले या, पोरीले समजावून द्या.’ नाही म्हणायला मोईजला तोंड नव्हतं.

तासभर शिकवणी झकास चालली होती. राउटर शेजारच्या राउटरला दर दहा सेकंदांनी हाक मारतो. चाळीस सेकंद उत्तर आलं नाही, की तो रस्ता गेला असं धरतो, बाकीच्यांना कळवतो आणि सगळे नव्याने रस्ता शोधतात. जवळचा नाही, रुंद रस्ता निवडतात. मोईज चांगला रंगात आला होता. आणि पोरीने उदाहरण म्हणून नेमकी बापाचीच गोष्ट काढली.

चार वर्षं झाली त्याला. अंजनगाव सुर्जीच्या एका दवाखान्याची लाइन दर्यापूरवरून अकोल्याला जायची. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली. वलगाव-अमरावतीवरून दुसरी लाइन धडधाकट होती, तरी दोन तास तपासणीचे रिपोर्ट अडकले, नातेवाईक अंगावर धावून आले. त्या सकाळी दवाखान्यातल्या राउटरच्या पेटीत हात घातला होता टेक्निशियन देवमनने. झालं! खापर फोडायला डोकं सापडलं. नोकरी गेली, तेव्हापासून तो गावच्या नळयोजनेचे व्हॉल्व्ह फिरवतो.

“वायर ढिली राहिली असन माह्या हातून,” देवमन आजही तेच म्हणाला. “तुमीच तं तपासलं होतं सारं.”

खरंच, कंपनीचा इंजिनिअर म्हणून मोईजनेच तपासलं होतं. अहवालात ‘मानवी चूक’ असं लिहिलं होतं. खोटं नव्हतं ते. माणूस तेवढा दुसरा होता.

“वायर ढिली असती तं केबल तुटायच्या आधीच बंद पडलं असतं नं, बाबा?”

कितीदा वाटलं होतं, बोलून टाकावं. ईद झाल्यावर सांगू, मोठ्या साहेबांची बदली झाल्यावर सांगू, असं करत भला माणूस मूग गिळून बसला होता. आता पोरगी टक लावून बघत होती.

“रागिणी, माणसानं हातानं रस्ता लिहून ठेवला नं, तं राउटर सवताचं डोकं चालवत नाही. माणसाच्या शब्दाले जास्त मान देते. पेटीतली वायर जागेवर हाय म्हणजे पुढचा रस्ताबी चालूच हाय, असं समजते. तुह्या बाबाची वायर घट्ट होती बेटा, म्हणूनच राउटर रिपोर्ट तुटक्या केबलीकडं पाठवत राहिला.”

“मंग तो रस्ता लिहिला होता कोणं?”

“म्या. टेस्टिंगसाठी, एका दिवसापुरता. काढायचा राहून गेला. केबल तुटली त्याच दिवशी सापडला मले. गुपचूप काढला, अन् मंग अहवाल लिहिला.”

देवमनने आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले.

“मी घरातला फ्यूज बी लावत नाही, मोईजभाई,” तो म्हणाला. “माही बायको लावते, शकुन. मले वाटे, आपल्या हातातच खोट हाय.”

“उद्या हापिसात जाऊन सांगतो, देवमन. सारं सांगतो.”

“हापिसाचं जाऊ द्या.” देवमनने लेकीची वही ओढून कोरं पान काढलं. “इथं लिहून द्या. शकुन वावरातून येईनच आता, तिले दाखवतो. तिच्या मनात बी तेच हाय चार वर्षांपासून. बोलत नाही, एवढंच.”

मोईजने लिहिलं. चूक माझी होती, देवमनची नव्हती. खाली सही केली. देवमनने ओळीवरून बोट फिरवत दोनदा वाचलं आणि वही परत त्याच्यापुढे सरकवली.

“तारीख टाका. त्या दिवसाची.”

मोईजने पेन टेकवलं. तारीख त्याला आठवेना.

देवमनने सांगितली, वारासकट.