नॅशनल पार्कातलं स्थळ

बघायला आलेल्यांनी पोहे खायचे आणि आपण खाली मान घालून बसायचं, हे आमच्या प्रांजलला कधी मान्य झालं नाही. मनातून मलाही नव्हतं, पण मी ते तोंडावर आणलं नाही. नातीला फार शेफारून ठेवायची नसते.

मुलुंडच्या प्रबुद्धचं स्थळ मीच शोधलं. पाणी खात्यात कायमची नोकरी, माणसं आपल्यातलीच, मूळची जालन्याकडची. आधीच्या मुलांचे फोटो प्रांजल मोबाईलवर अंगठ्याने उडवून लावायची. ह्याचा फोटो तिने मोठा करून बघितला. ती बघतेय हे मी बघितलं, आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. हे जमलंच पाहिजे, दुसरं काही सुचेना.

"रविवारी आमचा ग्रुप सायकलवर नॅशनल पार्कला चाललाय, वाघ बघायला," प्रांजल म्हणाली. "त्याला म्हणावं तू पण ये. विक्रोळी ते बोरिवली बरोबर सायकल मारली की माणूस कळतो."

"आणि आम्ही काय करायचं? घरी बसून टाळ्या वाजवायच्या?"

"तू ये ना रिक्षाने. वाघाला पण कळू दे कोण आलंय ते."

तिकडे प्रबुद्धची आजी, जयंतीबाई, तीही हटून बसली. पोरगा एकटाच मुलगी बघायला जातो म्हणजे आम्ही काय मेलो का, असं म्हणून पहाटेच मुलुंडहून आमच्या कन्नमवार नगरात हजर. जय भीम घातला, चहाला नको म्हणाली, आणि आमच्या शेजारच्या शिवदासच्या रिक्षात माझ्याआधी चढून बसली. मधे माझा लाडवांचा डबा, नाहीतर मांडीला मांडी लागली असती.

पोरं निघाली. प्रबुद्ध उंचच्या उंच, त्याची काळी गिअरची सायकल. प्रांजलची लाल, पुढे टोपली असलेली. दोघं जरा अंतर ठेवूनच चालली होती.

"शिवदास, त्यांच्या मागेच ठेव रिक्षा."

"आई, सायकलच्या मागे रिक्षा चालवली तर मागचे मला शिव्या देतील."

"देऊ देत. परत द्यायला मी बसलेय."

जयंतीबाई पदर सावरत म्हणाल्या, "आमचा प्रबुद्ध रोज ठाण्यापर्यंत सायकल मारतो. त्याच्या पुढे कोणी जात नाही."

"आमची प्रांजल लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढते," मी म्हणाले. "तिच्यापुढे भलेभले गडी डोळे मिटून घेतात."

लिंक रोडला लागलो आणि ह्या शिवदासने रिक्षा गॅसच्या रांगेत घातली. पोरं गेली पुढे. मी उतरले, परत बसले, परत उतरले. पंपावरच्या माणसाला सांगितलं, बाबा, आमच्या पोरीचं स्थळ आहे, आधी आमचा भर. तो म्हणाला, आजी, रांगेतल्या सगळ्यांचं काहीतरी आहेच. शिवदास हसला. रात्री गॅस भरायला ह्याचे हात मोडले होते काय?

बोरिवलीला पार्काच्या गेटवर पोचलो तेव्हा ग्रुप येऊन चहा पीत उभा होता. प्रांजल नाही. प्रबुद्धही नाही.

ग्रुपची पुढारी शीतल, दोन पोरांची आई आणि बोलणं हवालदारासारखं. ती म्हणाली, "येतील आजी. पवईच्या चढावर मी मागे वळून बघितलं तर प्रांजलची लाल सायकल एकदम शेवटी होती. मग आम्ही पुढे चहाला थांबलो, तिथेही ती आली नाही."

"आली नाही आणि तुम्ही निघालात?"

"प्रबुद्ध आहे ना तिच्याबरोबर."

तेच तर. ओळख ना पाळख, हायवेवर डंपर सुटलेले असतात आणि पोरगी मागे. मी फोन लावला. वाजतोय, उचलत नाही. प्रबुद्धला लावायला सांगितला, तोही उचलत नाही. बसायला कठड्यावर जागा होती, पण मला बसवेना. गेटपासून रस्त्यापर्यंत जाऊन बघायचं, परत यायचं. माझ्या हातातल्या डब्यावर एक माकड डोळा ठेवून होतं, तेही माझ्या फेऱ्या बघून कंटाळून गेलं.

"प्रबुद्ध मागे राहणारा नाही," जयंतीबाई म्हणाल्या. "तुमच्या नातीपायी अडकला असणार. झेपत नाही तर एवढ्या लांब निघावं कशाला?"

"झेपत नाही? ती बोलली की तुमच्या नातवाला झेपते का ते बघा आधी."

मी पुन्हा फोन लावला. आणि रिंग समोरून ऐकू आली.

लाल सायकल येत होती. टोपलीत प्रांजलची पिशवी, पिशवीत फोन वाजतोय, आणि सायकलवर प्रबुद्ध. बुटक्या सीटवर बसून त्याचे गुडघे हँडलला लागत होते, घामाने निथळत होता. एकटा.

मी आडवी जाऊन सायकलचं हँडल धरलं.

"माझी पोरगी कुठाय?"

"आजी, ऐका ना," तो धापा टाकत म्हणाला.

"काय ऐकू? तिची सायकल तुझ्याकडे, फोन तुझ्याकडे, ती कुठे टाकून आलास? अरे, सोबत करायला तुला बोलावला ना?" मी थांबलेच नाही. त्याने दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा मी बंद केलं. "पाणी खात्यात आहेस ना? मग ओंजळभर पाण्यात जीव दे. जयंतीबाई, हे स्थळ मोडलं. ह्या सगळ्यांच्या देखत सांगते, मोडलं!"

चहावालासुद्धा गाळायचा थांबला.

"आजी! कशाला ओरडतेस?"

आवाज मागून आला, गेटच्या आतून. प्रांजल हातात सफारीची तिकिटं फडकवत चालत येत होती.

"तू आत कशी?"

"मी केव्हाची आलेय. सगळ्यांच्या आधी. म्हटलं लाईन लागायच्या आत तिकिटं काढू." मग तिने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "पवईच्या चढावर मी त्याला म्हटलं, तुझी गिअरची चालवून बघू का? तो म्हणाला घे, आणि दम आहे तर माझ्यासाठी थांबू नको, जा पुढे. हे सगळे चहाला थांबले तेव्हा मी वरच्या पुलाने निघून आले. काय झालं? काय केलंस तू?"

शीतलने हळूच सांगितलं.

प्रांजलने मला बाजूला घेतलं. "आजी, मला पसंत आहे तो. सगळे म्हणतात हळू जा, सांभाळून जा. जा पुढे असं आजवर मला कोणी म्हणालं नाही. तू पण नाही."

ते मला लागलं. पण ते घरी जाऊन बघता आलं असतं. आधी इथली आग विझवायची होती. मी जयंतीबाईंकडे वळले, तर त्यांनी तोंड फिरवलं.

"तुम्ही मोडलंत ना? मग मोडलं. आमचा पोरगा रस्त्यावर पडलेला नाही."

प्रबुद्ध म्हणाला, "आजी, जाऊ दे गं." त्याला त्यांनी डोळ्यांनीच गप्प केलं. ते बघून मला ती बाई पहिल्यांदा जरा बरी वाटली.

सफारीच्या जाळीच्या गाडीत शीतलने मुद्दाम आम्हा दोघींना एका बाकावर बसवलं. पोरं मागे. गाडी झाडीत शिरली. सगळे खिडक्यांना चिकटले, मला झाडही दिसत नव्हतं. प्रांजल मागे अगदी गप्प होती. ती पोर गप्प बसलेली मी कधी बघितलेली नाही.

"लाडू घ्या," मी म्हणाले.

"साखर आहे मला."

"जयंतीबाई, माझी जीभ अशीच आहे. पण मी काय तुमच्या घरी नांदायला येणार नाही. प्रांजल येणार आहे."

"तिची जीभ कशी आहे?"

खोटं सांगणार होते. मग म्हटलं, उद्या कळणारच आहे. "माझ्याहून तिखट."

"माझी सून मला घरात बोलू देत नाही," त्या म्हणाल्या. "तुमची नात माझ्या बाजूने बोलेल?"

"खरं असेल तर बोलेल. नसेल तर तुम्हालाही सोडणार नाही."

"हं." त्यांनी पदर खांद्यावर घट्ट ओढला. "मग सगळ्यांच्या देखत मोडलंत, तसं सगळ्यांच्या देखत जोडा. माझ्या कानात सांगून चालणार नाही."

तेवढ्यात गाडी थांबली. पुढे उभा असलेला वनखात्याचा माणूस कुजबुजला, "डाव्या बाजूला बघा, झुडपात. कोणी आवाज करू नका."

माणसं श्वास रोखून बसली. पट्टे दिसले, कान दिसला. लोकांनी मोबाईल वर केले. मी बाकाला धरून उभी राहिले. आयुष्यात कोणापुढे मी बोललेला शब्द मागे घेतलेला नाही.

"माझं चुकलं!" मी म्हणाले. "मुलगा चांगला आहे. हे स्थळ आम्हाला पसंत आहे!"

झुडूप हललं आणि वाघ गेला.

सगळी गाडी माझ्यावर तुटून पडली. ओ आजी, काय हे, पोरांना वाघ दाखवायला आणलं होतं! वनखात्याचा माणूस कपाळाला हात लावून म्हणाला, आई, खाली बसा.

मी बसले नाही. मी जयंतीबाईंकडे बघत होते.

त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, सगळ्यात मोठा लाडू निवडला आणि कान माझ्याकडे केला.

"ह्या गोंधळात मला नीट ऐकू आलं नाही हो," त्या म्हणाल्या. "परत सांगा."

मी परत सांगितलं. मोठ्याने.