वरची तारीख, खालची तारीख

माझी जीभ माझ्याआधी कामावर पोहोचते, असं माझी सासू म्हणायची. सासू गेली, पण तिचं म्हणणं खोटं पाडणं मला काही जमलेलं नाही. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसून मला बारा वर्षं झाली. कुणाच्या घरी दूध का वाढलं, कुणाकडे पाव का बंद झाला, हे मला न विचारता कळतं आणि विचारल्याशिवाय राहवत नाही. मालक मला फौजदारीणबाई म्हणतात, पण काढून टाकत नाहीत. त्यांच्या वाट्याची भांडणंही मीच करते ना.

समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर थांबाकाका आणि काकू राहतात. दोघांनी आयुष्यभर एकाच नाट्यगृहात नोकरी केली. काकू तिकीट खिडकीत, काका दारावर. तळहात पुढे करून 'थांबा' म्हणायचं, तिकीट निरखायचं, त्याचा कोपरा फाडायचा आणि मगच आत सोडायचं. अडतीस वर्षं हेच केल्यावर दुसरं नाव चिकटणार तरी कुठलं? एकदा म्हणे नाट्यगृहाच्या मालकाच्या सख्ख्या जावयाचं तिकीट दुसऱ्या दिवसाचं निघालं, तर काकांनी त्याला दारातून परत पाठवलं. ही गोष्ट ते अशा थाटात सांगतात, जणू दरोडेखोरांची टोळी पिटाळून लावली. नाट्यगृह बंद पडलं, पण काका अजून गणवेशाचा निळा कोट घालूनच दुकानात येतात.

त्या महिन्यात काकांची खरेदी बघून माझं डोकं फिरायला लागलं होतं. रोज एक अंडं, एक छोटी दुधाची पिशवी, दोन केळी.

"काका, अंडी डझनाने घेतात," मी म्हटलं.

"काकूला एक पुरतं."

"आणि तुम्ही?"

"मला अंडं पचत नाही हल्ली."

दहा वर्षं हा माणूस माझ्याकडून अंडी नेतोय आणि आता त्याला पचत नाहीत. मी काय दुधखुळी आहे? पण त्यामागचं कारण मला ठाऊक होतं. काकूंचं पोटाचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अठरा तारखेला वजन करू. पंचेचाळीस किलो भरलं तर ऑपरेशन, नाहीतर नाही. इतक्या अशक्त बाईला भूल द्यायची त्यांची तयारी नव्हती. काकू भरल्या होत्या त्रेचाळीस. काका बिचारे स्वतःच्या ताटातलं काढून तिच्या ताटात वाढत होते, आणि ते ताट मुळातच केवढं.

चार तारखेला भर दुपारी, दुकानात चिटपाखरू नव्हतं तेव्हा काका आले. कोटाच्या आतल्या खिशातून त्यांनी एक कोरं करकरीत कार्ड काढलं. सरकारी अन्नमदतीचं कार्ड, ज्यावर दर महिन्याला ठरल्या तारखेला किराण्याचे पैसे जमा होतात. वरचा चिकटपट्टीचा कागदसुद्धा अजून निघाला नव्हता.

"काकूला माहीत नाही," ते हळूच म्हणाले. "तिला सांगितलंय, पेन्शन वाढणार आहे. अर्ज केलाय म्हटलं असतं तर तिच्या घशाखाली घास उतरला नसता. मला एवढंच सांग, हे चालतं कधीपासून?"

आता या विषयात मी स्वतःला मोठी डॉक्टर समजते. नवरा अंथरुणाला खिळला होता तेव्हा तीन वर्षं मी कार्डावर काढली आहेत. माझी नऊ तारीख होती. आठ तारखेला मुलांना काय खाऊ घातलं ते मला आजही कुणी विचारू नये.

"अर्जाच्या नंबरातला शेवटचा आकडा कोणता?" मी विचारलं.

"आठ."

"मग एकवीस तारीख. आठवाल्यांचं एकवीसला उघडतं."

"पत्रातही खाली एकवीसच लिहिलंय," काका खूश होऊन म्हणाले. "म्हणजे बरोबर. खालचीच तारीख खरी."

हे त्यांच्या धंद्याचं गणित होतं. त्यांच्या नाट्यगृहाच्या तिकिटावर दोन तारखा असायच्या. वरची तिकीट विकल्याची, ती खिडकीच्या कामाची. खालची खेळाची, ती दाराच्या कामाची. दारावरच्या माणसाने वरच्या तारखेकडे ढुंकूनही बघायचं नाही. बघितलं की गोंधळ होतो, चुकीचा माणूस आत जातो.

मी पत्र मागितलंसुद्धा नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. वर आणखी शहाणपण शिकवलं, "आणि काका, एकवीसच्या आधी कार्ड मशीनमध्ये घालूही नका. नकार येतो, मशीन टुंई टुंई करतं आणि मागच्या रांगेतले माना उंच करून बघतात." हे मी मायेने सांगितलं होतं. माझ्या बाबतीत तसं झालं होतं आणि त्या दिवशी मी भरलेली टोपली तिथेच टाकून घरी पळाले होते.

त्यानंतरचे दहा दिवस मी त्यांना वाळताना बघितलं. कोट खांद्यावरून घसरायला लागला. तीन वेळा मी पिशवीत एक जास्तीचं अंडं सरकवलं, तीनही वेळा काका तीन मजले उतरून परत द्यायला आले. "तिकीट एक, माणूस एक," एवढंच म्हणायचे आणि कठड्याला धरत पुन्हा जिना चढायचे. मला संताप यायचा. असा ताठा काय कामाचा? पण गप्प बसायचे, कारण मीही त्यातलीच होते.

चौदा तारखेला सकाळी ते आले आणि त्यांनी विचारलं, "एकवीसला किती वाजता उघडतं गं? सकाळी की दुपारी? मी दुकान उघडायच्या आधी येऊन उभा राहीन."

"पण काका, काकूंचं वजन तर अठराला आहे."

"अठराला तिला जाड स्वेटर घालतो," ते म्हणाले. आम्ही दोघंही हसलो. मग दोघंही हसायचं थांबलो.

"बरं, पत्र आणा इकडे. वेळ लिहिली असेल तर बघते."

पत्राची घडी इतक्या वेळा उलगडली होती की मधोमध कागद विरत आला होता. मी वाचायला लागले. वर लिहिलं होतं, मंजुरीची तारीख तीन. त्याखाली बारीक अक्षरात: नव्या लाभार्थ्यांना पहिल्या महिन्याची मदत मंजुरीच्या दिवसापासूनच कार्डावर मिळेल. आणि अगदी तळाशी, ठळक अक्षरात: त्यापुढे दर महिन्याच्या एकवीस तारखेस.

तीन तारीख! ते कार्ड घेऊन माझ्याकडे आले त्याच्या आदल्या दिवसापासून ते उघडं होतं. अकरा दिवस अन्न या माणसाच्या खिशात होतं आणि अकरा दिवस तो ते खिशात घेऊन एक अंडं नेत होता. आणि मग मला आठवलं. माझंही पहिल्या महिन्याचं असंच लगेच मिळालं होतं. त्या दिवशी मी आणि नवऱ्याने लोणी लावून पाव खाल्ला होता आणि तो म्हणाला होता, बघ, इतक्या लवकर! पुढच्या तीन वर्षांच्या नऊ तारखांनी तो एक दिवस माझ्या डोक्यातून पार पुसून टाकला होता.

काका माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. "काय लिहिलंय? सकाळी की दुपारी?"

आयुष्यात पहिल्यांदा माझी जीभ जागची हलेना. मग हलली ती खोटं बोलायला. "काका, अहो, ऑफिसने या वेळी लवकर सोडलंय. आजच! आणा ते कार्ड."

"तारखेच्या आधी?"

"दार त्यांनीच उघडलंय, तुम्ही कशाला अडवता?"

काकांना वाचवायला खोटं बोलले की स्वतःला, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. दोन्ही असावं. थोडं जास्त स्वतःसाठीच असावं.

कार्ड चाललं. चार आकडे त्यांनी एकेक निरखून दाबले. अंडी घेतली, डझनभर. दूध, पाव, बटाटे, शेंगदाणे घेतले. लोण्याच्या पुड्याला हात लावून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हे चालतं का यात?"

"चालतं," मी म्हटलं आणि उगाच हिशेबाची वही उघडून त्यात तोंड घातलं.

पिशव्या जड झाल्या होत्या, म्हणून मालकांना गल्ल्यावर बसवून मीच त्या वर नेल्या. काका कोट काढून तडक स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी पाणी उकळत ठेवलं. बाहेरच्या खोलीत नाट्यगृहाच्या दोन खुर्च्या आहेत. ते मोडीत निघालं तेव्हा काकांनी एकमेकींना जोडलेल्या उचलून आणल्या होत्या. तेरा आणि चौदा. काकू चौदावर बसल्या होत्या, पायावर शाल घेऊन. त्यांनी पिशवी ओढून घेतली आणि एकेक वस्तू काढायला लागल्या. अंड्यांच्या वर ते पत्र होतं. गडबडीत मीच पिशवीत टाकलेलं. माझ्या हातांनाही जिभेचंच वळण.

त्यांनी पत्र उघडलं. खिडकीतली बाई ती, तिची नजर आधी वर गेली. वरची तारीख अडतीस वर्षं तिनेच तर छापली होती. वाचून झाल्यावर त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजलं. तीन ते चौदा.

"पेन्शन वाढली म्हणे," त्या हलकेच म्हणाल्या. "आणि रोज माझ्यासमोर बसून सांगायचे, माझं पोट भरलं." त्यांचे डोळे भरून आले, पण आवाज नाही चढला. "एकदा मला दाखवलं असतं गं पत्र. मी वाचलं असतं की."

"काकू, चूक माझी आहे. मीच त्यांना एकवीस म्हणून सांगितलं."

आत पातेल्यात अंडी एकमेकांवर टकटक आपटत होती.

"ह्यांना सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "ह्यांची एक तारीख कधी चुकली नाही. या वयात ही चुकली असं कळलं तर ते स्वतःला माफ करणार नाहीत. तू तोंड बंद ठेव. तेवढीच तुला शिक्षा. तुझ्यासाठी ती पुष्कळ आहे."

मी ती शिक्षा भोगली. मालकांनासुद्धा बोलले नाही.

अठरा तारखेला नर्सने काकूंचा स्वेटर उतरवला. काटा चव्वेचाळीस किलो सहाशेवर थांबला. चारशे ग्रॅम कमी. डॉक्टरांनी दोन आठवडे पुढची तारीख दिली. त्या दोन आठवड्यांत काकूंना दोनदा अशा कळा आल्या की तिसऱ्या मजल्यावरचा आवाज मला गल्ल्यावर ऐकू आला. चारशे ग्रॅम म्हणजे किती, हे मला तराजूवर बघावं लागत नाही. चार मध्यम बटाटे. अकरा दिवसांत एवढं सहज भरून निघालं असतं. दोन आठवड्यांनी काकू सेहेचाळीस भरल्या, ऑपरेशन झालं, नीट झालं. पण ते चार बटाटे मी आजही विसरलेली नाही.

पुढच्या महिन्यात काका डझनभर अंडी घेऊन रांगेत उभे होते. कोट आता जरा भरल्यासारखा दिसत होता. त्यांच्या पुढे एक तरुण बाई, कडेवर लेकरू, हातात कोरं कार्ड आणि पत्र. तिने आवाज अगदी खाली आणून मला विचारलं, "हे कधीपासून चालेल हो?"

मी जीभ दातांखाली धरली. म्हटलं, "पत्र द्या. आधी पूर्ण वाचते."

तेवढ्यात मागून एक तळहात पुढे आला. "थांबा."

काकांनी तिच्या हातातलं पत्र घेतलं, दूर धरून निरखलं आणि वरच्या ओळीवर बोट ठेवलं. "वरची तारीख बघ, पोरी. पहिल्या खेपेला वरचीच खरी. खालची पुढच्या महिन्यापासून. तुझं परवाच उघडलंय."

"म्हणजे आज मिळेल?"

"आत्ता मिळेल. जा, दूध घेऊन ये आधी."

ती लगबगीने दुधाकडे गेली. काकांनी अंडी माझ्यासमोर ठेवली. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते.

"काका, तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. आमचं स्वयंपाकघर आहे केवढं? ती बोलली ते सगळं ऐकू आलं." त्यांनी खिसे चाचपत कार्ड काढलं. "अकरा दिवस उघड्या दारासमोर उभा होतो मी. स्वतःच स्वतःला थांबा म्हणत."

"मीच म्हटलं होतं थांबा. चुकलं हो माझं, काका."

"चुकलं खरं," ते म्हणाले. मग काउंटरवर वाकून हळूच म्हणाले, "काकूला बोलू नकोस हं. तिला वाटतंय, मला माहीत नाही. तेवढ्यावर ती शांत झोपते."

मी मान डोलावली. ती पोरगी दूध घेऊन आली तोवर काकांचं सामान मी पिशवीत भरलं. बारा अंडी, पाव, लोणी. आणि त्यांची नजर नाही असं बघून एक जास्तीचं अंडं पिशवीत सरकवलं.

संध्याकाळी दुकान बंद होईपर्यंत मी समोरच्या जिन्याकडे बघत होते. कुणी उतरून आलं नाही.